सिस्टरनं चार्ज घेतला

“यात आईनं काय दगड भरलेत का रे?” सिस्टरनं बॅग दोन्ही हातांनी ओढून पाहिली. बॅग जागची हलली नाही.

बोट सकाळीच धक्क्याला लागली होती. उतारूंचं सामान एका मोठ्या शेडमध्ये रांगेनं मांडलं होतं आणि आठ दिवस बसून खाऊन सुस्तावलेली माणसं आपापल्या बॅगा शोधत हिंडत होती. सिस्टरची बॅग एका हातात मावेल एवढी. धाकट्या भावाची आणि भावजयीची मध्यम. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईची मात्र दोघांनी मिळून उचलावी अशी.

“म्हाताऱ्या माणसांचं असतंच गं ताई,” भाऊ बॅगेकडे न बघताच म्हणाला. “हे लागेल, ते लागेल.”

खरं तर बोटीवर ही बॅग उघडली तेव्हाच तिला खटकायला हवं होतं. भर उन्हाळ्यात आठ दिवस समुद्रावर जाणारी बाई तीन स्वेटर आणि एक्स-रेंची जाडजूड फाइल कशाला घेते? पहिल्याच दिवशी हा प्रश्न तिच्या मनात आला होता आणि आला तसा गेलाही होता. छत्तीस वर्षं इस्पितळात काढलेल्या बाईला पेशंटच्या सामानाचं नवल वाटत नाही.

तिला सगळेच सिस्टर म्हणत. दूधवाला, घरमालक, बँकेतला शिपाई. चार महिन्यांपूर्वी ती निवृत्त झाली, तरी हाक तीच राहिली. तिनं लग्न केलं नव्हतं, एका खोलीत एकटी राहत होती, आणि निम्मं आयुष्य रात्रपाळीत गेलं म्हणून तिनं कुणाकडे कधी कुरकुर केली नव्हती. आता तिला फक्त पोहायला शिकायचं होतं. ऐकणारे हसायचे, म्हणून तिनं सांगणं बंद केलं आणि गुपचूप जाऊन तलावावरच्या बायकांच्या वर्गात नाव घातलं. वर्ग येत्या सोमवारी सकाळी सातला सुरू होणार होता.

म्हणून तर “ताई, आयुष्यभर राबलीस, आमच्याबरोबर बोटीवर चल,” असं भाऊ फोनवर म्हणाला तेव्हा तिनं लगेच हो म्हटलं होतं. बोटीवर पोहायचा तलाव आहे हे कळल्यावर तिनं निळ्या रंगाचा पोशाखही आणला. आठ दिवसांत तो एकदाच अंगावर चढला, तोही साध्या कपड्यांच्या आतून. अकराव्या मजल्यावर ती तलावाच्या काठापर्यंत पोचली आणि खालून फोन आला. आईला संडासला जायचं होतं. आईची डावी बाजू लुळी, तिला एकटीला सोडायची सोय नव्हती. भाऊ-भावजयीची खोली वर, गॅलरीची. या दोघींची खाली, बिनखिडकीची. “आईला तुझा हात किती बरा लागतो,” असं भाऊ रोज सकाळी दारातून डोकावून सांगायचा आणि वर जायचा. समुद्र आज कसा दिसत होता ते भावजय जेवताना सांगायची.

धक्क्यावरून बस, बसमधून स्टेशन आणि तिथून दिवसभराची आगगाडी. वाटेत जंक्शनला उतरून भाऊ दुसऱ्या गाडीनं आपल्या गावी जायचा होता. सिस्टर याच गाडीनं पुढे. आई गेली बारा वर्षं भावाकडे होती, तेव्हा तीही जंक्शनलाच उतरणार, यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

गाडी सुटून तासभर झाला असेल. भावजय सिस्टरच्या शेजारी येऊन बसली. तिच्या मांडीवर आईच्या गोळ्यांचा डबा होता; बोटीवर गोळ्या तीच आणून द्यायची.

“ताई, एवढं जरा ऐकून घ्या. ही पांढरी सकाळी खाल्ल्यावर. ही रक्तदाबाची, अर्धी, दोन वेळा. झोपेची मागतात, पण रोज द्यायची नाही.”

सिस्टरचा हात आपोआप पर्समधल्या वहीकडे गेला. इस्पितळात पाळी बदलताना जाणारी सिस्टर येणारीला पेशंटचं सगळं सांगते. येणारी ते लिहून घेते, मोठ्यानं वाचून दाखवते आणि खाली वेळ घालून सही करते. याला चार्ज घेणं म्हणतात. एकदा सही झाली की पेशंट तुमचा. पुढची बाई येऊन सही करेपर्यंत वॉर्ड सोडायचा नाही, मग घरी काही का झालेलं असेना. हे तिनं इतके वेळा केलं होतं की कुणी गोळ्यांबद्दल बोलायला लागलं की ती लिहून घेणारच.

तिनं लिहिलं. वाचून दाखवलं. “कूस किती तासांनी बदलता?” असं वर विचारलं, आणि खाली सही ठोकली. अकरा चाळीस.

भावजयीनं त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला. “ह्यांना दाखवते,” म्हणाली, आणि कित्येक दिवसांनी पाठ टेकायला मिळावी तशी मागे रेलून बसली.

चारच्या सुमारास जंक्शन आलं. भावानं भराभर दोन बॅगा खाली उतरवल्या आणि पाण्याची बाटली घ्यायला परत वर आला.

“आईची बॅग राहिली,” सिस्टर म्हणाली.

“आई तुझ्याकडे येतेय ना.”

“कुणी ठरवलं?”

“म्हणजे काय? गोळ्या लिहून घेतल्यास, खाली सही केलीस. हिनं फोटो दाखवला मला. मी म्हटलं, बरं झालं, ताईनं आपणहूनच घेतलं. मी कालपासून विचार करत होतो, तुला सांगायचं कसं.”

सिस्टरला पुष्कळ बोलायचं होतं. तिची एकच खोली होती, एकच पलंग होता. “सोमवारपासून मी पोहायला जाणार आहे,” एवढंच ती म्हणाली.

“या वयात?” भाऊ हसला, पण ते हसू टिकलं नाही. “बारा वर्षं आम्ही केलं, ताई. हिच्या कमरेचं पार वाटोळं झालं. तू तर नर्स. तुला काय अवघड आहे?”

“मग घरी येऊन सांगायचंस. बोटीवर कशाला नेलंस मला?”

त्यानं घड्याळात पाहिलं. गाडी तिथे चारच मिनिटं थांबायची.

“आईला उतरव,” सिस्टर म्हणाली.

“आत्ता? चाकाची खुर्ची कुठाय?”

“राहू दे,” खिडकीशी बसलेली आई म्हणाली. “उतरवायचं, परत दुसरीकडे चढवायचं. मी काय ट्रंक आहे?”

भावानं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला, काढला आणि तो उतरला. फलाटावर भावजय बॅगांना टेकून, मान खाली घालून उभी होती. गाडी हलली तरी तिनं वर पाहिलं नाही.

सिस्टर रागानं नुसती धुमसत होती. भावाचा राग आलाच होता, पण सगळ्यांत जास्त राग तिला आपल्या हाताचा आला. वही अजून मांडीवर उघडी होती. तिनं ती मिटून पर्समध्ये टाकली.

“तुला माहीत होतं?” तिनं आईला विचारलं.

“तिकिटं काढायच्या आधीपासून.”

“आणि तू मूग गिळून बसलीस.”

“बोलले असते तर तू आलीच नसतीस बोटीवर.” आई खिडकीबाहेरच बघत होती. “म्हटलं, व्हायचं ते होणारच आहे. निदान पोरीला समुद्र तरी दिसेल.” मग तिनं मान वळवली. “दिसला का गं?”

“दिसला,” सिस्टर म्हणाली.

“कसा होता?”

भावजयीनं जेवताना जे जे सांगितलं होतं ते सगळं तिनं आईला सांगितलं. सकाळी कसा असतो, ऊन उतरल्यावर कसा होतो, बोटीच्या मागे पांढरा पट्टा कुठवर जातो. आई ऐकता ऐकता झोपली. तिची मान अवघडू नये म्हणून सिस्टरनं बॅगेतला एक स्वेटर काढून घडी करून खाली सारला.

सोमवारी सकाळी सात वाजता न्हाणीघरात आई स्टुलावर बसली होती, खांद्यांवर टॉवेल घेऊन. सिस्टरनं बादलीत गरम पाणी ओतलं, त्यात गार सोडलं, बाही वर सारली आणि कोपर बुडवून पाहिलं.

“फार कडकडीत नाही ना?” आईनं विचारलं.

“नाही,” ती म्हणाली, आणि तिनं कोपर आणखी थोडा वेळ पाण्यातच राहू दिलं.