अज्जीची राखण

सकाळी आंघोळ करून पूजेला बसले, तर डावा तळहात उघडंना. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करायची, ही आमच्या घरची रीत. लहानपणापास्नं एक दिवस चुकला न्हाई. आज बोटं अशी आवळल्याली की लिंग घसरून मांडीवर पडलं. मला रडूच कोसळलं.

मालक म्हणले, "पाटावर ठेवून कर."

"तुम्ही करा पाटावर," मी म्हणले, आणि भालकीवरनं बिदरची बस धरली.

माझ्या बहिणीची लेक सौम्या तिथं बिदरातच, मैलूर भागात डॉक्टर हाय. मला संधिवात हाय म्हणून तिनं गोळ्या दिल्या होत्या. त्या मी डब्यात तशाच ठेवल्या. का, तर त्यानं अंगातली रोगाशी झगडायची ताकद कमी होते, असं तीच म्हणली. कोरोनात सारी भालकी काढे पिऊन ताकद वाढवायली होती, आणि ही बया कमी कर म्हणते.

आणि ती ताकद माझ्या अज्जीची. अज्जी मुडबीची. ती ल्हान असताना प्लेग आला, गाव उठून रानात खोपटात राह्यलं. घरचे सगळे गेले, ही एकटी उरली. तूर भरडताना मला जवळ बसवून म्हणायची, "तू माझ्या रक्ताची, तुला काय होतंय?" तिच्या पदराला डाळीचा वास यायचा. काय दिवस होते ते. तिची ही ताकदच तेवढी माझ्याकडं उरलीय.

सौम्याला हे सांगितलं. ती हसली न्हाई.

"मावशी, अज्जीचंच असंल बघ हे. तसल्या साथीत ज्यांच्या अंगातले राखणदार लई कडक, ती माणसं जगली. आपण त्यांचीच लेकरं. पण कडक राखणदाराला कधीकधी घरचं आणि परकं कळत न्हाई. तुझ्या अंगातले तुझ्याच सांध्यांना मारायलेत."

"हात उघडंल का पुन्हा?"

"गोळी घेतलीस तर बराचसा. अजून थांबलीस तर न्हाई."

घरी येऊन डबा काढला. गोळी हातावर घेतली. अज्जीची लई आठवण आली.

"अज्जी," म्हणले, "मी जगले गं. लेकरं झाली, नातवंडं झाली. आता तू जरा पड."

आणि गोळी गिळली.