पुढचा भाग इंडियानाचा

डेव्ह प्रिबिचने चौथा स्क्रू काढला, सासऱ्याच्या गाडीच्या नाकावरची रंगवलेली पाटी पुराव्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि पिशवीवर तारीख लिहिली. गाडी टोइंगवाल्याने ओढून नेली. यात कोण हरलं ते स्पष्टच आहे, तेव्हा हे झालंच नाही असं धरून चालू. घरातही सध्या तसंच धरून चालतात. मंगळवारी सकाळी सात वाजता सगळं जागच्या जागी होतं: गाडी अंगणातल्या सिमेंटच्या पट्टीवर, पाटी गाडीवर, आणि कॅझ वोयटाक जावयाच्या टेबलाशी बसून जावयाच्या टोस्टला जावयाचं लोणी लावत होता.

"आज गाडी काढू नका," डेव्ह म्हणाला. तो गणवेशात होता आणि उभ्याउभ्या अंडं खात होता.

"मला डोनट आणायचाय."

"घरात आहे डोनट."

"तो इलिनॉयचा आहे."

रेनाटाने, म्हणजे कॅझच्या मुलीने, कामावर जायची पिशवी उचलली. वडिलांच्या डोक्यावरून हात फिरवला, नवऱ्याच्या नाही, आणि ती निघून गेली. या विषयावर ती सप्टेंबरपासून बोलत नव्हती.

घरासमोरून स्टेट लाइन रस्ता जातो आणि त्याच्या मधोमध काढलेली पिवळी रेघ म्हणजे दोन राज्यांची हद्द. रेघेच्या पलीकडे इंडियाना. तिथे नंबरप्लेट फक्त गाडीच्या मागे लागते. पुढची जागा ज्याची त्याची. तिथे कोणी फुटबॉल संघाचं नाव लावतं, कोणी 'जगातले सर्वोत्तम आजोबा' लावतं, कोणी जत्रेत रंगवून घेतलेली जोडप्याची नावं. रेघेच्या अलीकडे इलिनॉय. इथे प्लेट दोन्हीकडे हवी. कॅझ त्रेचाळीस वर्षं पलीकडे राहिला. बायको गेली, मग तो जिन्यावरून पडला, मग घर विकून रस्ता ओलांडून मुलीकडे आला. एकूण प्रवास साठ पावलांचा. पण राज्य बदललं म्हणून गाडीची नव्याने नोंदणी झाली आणि इलिनॉयने त्याला दोन प्लेटा पाठवल्या. मागची त्याने लावली. पुढची डिकीत ठेवली, सुट्या चाकाखाली, तोंड खाली करून.

कारण पुढे पाटी होती. गुलाबी मावळतं आकाश, दोन हंस, आणि खाली वळणदार अक्षरात 'बड आणि मार्लीन'. रंगवणाऱ्याला हंस जमत नव्हते. ती बदकं दिसत होती.

डेव्हने या सगळ्याकडे काणाडोळा केला असता. पण ऑगस्टमध्ये त्याने शेजारच्या मिसेस उर्बानेकला पुढची प्लेट नाही म्हणून दंड केला. तिने निमूटपणे भरला. मग नगरसभेच्या बैठकीत ती कॅलेंडरएवढा फोटो घेऊन आली. फोटोत डेव्हचं अंगण, डेव्हच्या सासऱ्याची गाडी, दोन बदकं. पोलीस प्रमुखांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, "प्रिबिच, कायदा घरापासून सुरू कर."

सासऱ्याला दंडाची पहिली पावती सप्टेंबरात, दुसरी ऑक्टोबरात. गावचा नियम असा, की वर्षात तिसऱ्यांदा सापडलं तर गाडी जप्त आणि प्लेटच्या जागी जे काही लावलं असेल तेही जप्त. गाडी दंड भरून परत मिळते. दुसरी वस्तू नव्वद दिवसांनी भंगारात जाते.

"घरात लावा ना ती पाटी," डेव्ह म्हणाला. "भिंतीवर लावा. मी खिळा ठोकून देतो."

"तुझ्या भिंतीवर."

"मग कुठे?"

"आहे तिथे," कॅझ म्हणाला आणि कोट चढवायला उठला.

गाडी त्याने आदल्या संध्याकाळीच उलटी लावून ठेवली होती, नाक रस्त्याकडे. हिशेब साधा होता. बाहेर पडताना पुढचा भाग आधी इंडियानात पोचेल आणि मग इलिनॉयला मागचा भाग कितीही बघू दे. नाकापासून पिवळ्या रेघेपर्यंत एकवीस फूट. ते डेव्हनेही टेपने मोजून ठेवले होते.

कॅझने इंजिन सुरू केलं. डेव्हने अंडं अर्धवट टाकलं. पोलिसगाडी फुटपाथला लागून उभी होती. तीत बसून दिवे लावायला त्याला चार सेकंद लागले. गाडीचं नाक रेघेच्या अलीकडे अकरा फुटांवर थांबलं. मिसेस उर्बानेक झग्यातच पायऱ्यांवर येऊन उभी होती, हातात फोन.

डेव्ह खिडकीशी आला.

"लायसन्स, सर."

"ऑफिसरसाहेब, काल जेवताना बटाटे मागितलेत तेव्हाच मागायचं."

"लायसन्स."

कॅझने दिलं.

"पत्ता हाच?"

"तुम्हाला जास्त माहीत. माझ्या खोलीचं छत गळतं, तेही लिहा."

"गाडी का थांबवली, माहीत आहे?"

"तुमचं लग्न माझ्या मुलीशी झालं म्हणून."

डेव्हने पावती लिहिली. अक्षर नेहमीपेक्षा सुबक येत होतं; रागात त्याचं तसंच व्हायचं. मग त्याने रेडिओवरून टोइंगची गाडी मागवली आणि खिशातून घडीचा स्क्रूड्रायव्हर काढला.

"तो नको," कॅझ खाली उतरत म्हणाला. त्याने डिकीतून स्वतःचा काढला, लाकडी मुठीचा. "तुझा स्क्रूची डोकी खाईल. डावीकडचा खालचा गंजलाय. आधी दाबायचं, मग फिरवायचं."

"पुराव्यापासून लांब उभे राहा, सर."

"लांबच आहे. तुमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली."

डेव्हने लाकडी मुठीचा घेतला. डावीकडचा खालचा आधी दाबला, मग फिरवला. पाटी निघाली तेव्हा तिच्यामागे बंपरवर एक लख्ख चौकोन दिसला, बाकीच्या गाडीपेक्षा तीस वर्षांनी तरुण. कॅझने तिकडे पाठ केली आणि रस्त्यापलीकडच्या आपल्या जुन्या घराकडे बघत राहिला. नव्या मालकांनी दार हिरवं केलं होतं.

"फॉर्मवर मालकाचं नाव लागतं," डेव्ह म्हणाला. "वस्तूवर दोन नावं आहेत. बड म्हणजे तुम्ही. मार्लीन, कंसात लोरेन वोयटाक, पत्नी, मयत."

"नाही."

"काय नाही?"

"बड मी नाही."

डेव्हचं पेन थांबलं. "लाडाचं नाव आहे ना तुमचं."

"मला कोणी लाडाने काही म्हणत नाही. गाडी जुन्या बाजारातून घेतली, एक्क्याण्णव साली. पाटी तिच्यावर होतीच. मी काढणार होतो. लोरेन म्हणाली, राहू दे, कोणीतरी पैसे मोजून ही बदकं रंगवून घेतलीत."

"मग बड कोण?"

"मला काय माहीत? पोलीस तुम्ही आहात."

टोइंगची गाडी कोपऱ्यावर वळली. कॅझ तिच्याकडे बघतच बोलला, आणि हे सगळं तो टोइंगवाल्याला सांगत असल्यासारखं वाटलं.

"तिला लांबचं दिसायचं नाही. बाजारातून बाहेर आली की पार्किंगमध्ये बदकं शोधत फिरायची. सापडली की म्हणायची, इकडे उभा आहेस होय, बड. मला नाही. गाडीला. मी आत बसलेलो असायचो."

डेव्हने पेनचं टोपण लावलं, काढलं.

"माझ्या लग्नात," तो म्हणाला, "मी तुम्हा दोघांच्या नावाने पेला उंचावून..."

"दीडशे माणसांसमोर. बड आणि मार्लीनला."

"कोणी काही बोललं नाही."

"लोरेन म्हणाली, पोरगा मनापासून बोलतोय, बोलू दे. मी म्हणालो, पोरगा मूर्ख आहे. दोघांचंही बरोबर होतं."

टोइंगवाल्याने साखळी अडकवली. डेव्हने पिशवीवर तारीख लिहिली. मिसेस उर्बानेकने फोन खाली केला आणि चप्पल ओढत घरात गेली. हे सगळं तिला हवं तसंच झालं होतं आणि तरी तिने दार आपटलं.

रात्रीच्या जेवणाला पिरोगी, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्या, होत्या. कोणी कोणाला मीठ दिलं नाही.

गुरुवारी जप्तीच्या फॉर्मची मालकाची प्रत आली. पोलीस चौकीतून टपालाने, डेव्हच्या घरी, डेव्हच्याच अक्षरात कॅझच्या नावे. कॅझने चष्मा लावला आणि ती टेबलावर सपाट केली. डेव्ह पाठमोरा उभा राहून एकच बशी बराच वेळ धूत होता.

मालकाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'बड व मार्लीन, आडनाव अज्ञात. तपास चालू.' वरिष्ठांच्या शेऱ्याची जागा कोरी होती. खाली, अधिकाऱ्याच्या विनंतीसाठी दिलेल्या तीन ओळींत आणि समासात शिरून, नेहमीपेक्षा सुबक अक्षरात, पुढील मजकूर होता.

'सदर वाहनाचा मागील भाग इलिनॉय राज्याचा व पुढील भाग इंडियाना राज्याचा कायम रहिवासी समजण्यात यावा. तसेच मूळ मालकांचा शोध लागेपर्यंत जप्त पाटी सुरक्षित ठिकाणी, म्हणजे ती जिथे सापडली तिथेच, चारही स्क्रूंसह, श्री. वोयटाक यांच्या ताब्यात ठेवण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.'