हिरव्या पट्टीवरचं कुंकू

“थांब, बोलू नकोस. टक् झालं का? दोन्हीकडून टक् झालं पाहिजे.”

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा भूगावच्या त्या नव्या घराला अजून रंगाचा वास येत होता. आवाज नरहरीरावांचा. त्यांचे दोन अंगठे माझ्या दोन टोकांवर होते आणि शेजारी त्यांच्या पत्नी, सुनीतीबाई, बॅटरीचा उजेड धरून उभ्या होत्या. त्यांनी श्वाससुद्धा रोखून धरला होता. मग आवाज आला. आधी डावीकडून, मग उजवीकडून. टक्. टक्.

“बसली!” नरहरीराव म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले. “हिच्याशिवाय हा नुसता पत्र्याचा डबा गं. याचा जीव हिच्यात आहे.”

मित्रांनो, मी त्या घरातल्या कॉम्प्युटरची जुनी मेमरीची पट्टी आहे. अंगानं हिरवी, पाठीवर काळ्या चौकोनी चिपा, आणि खालच्या काठाला सोनेरी दातांची ओळ. कॉम्प्युटर जे काही काम करतो, ते करताना माझ्या अंगावर लिहीत जातो. वीज गेली की सगळं पुसलं जातं. मग तुला हे आठवतं कसं, असं तुम्ही विचाराल. लिहिलेलं मला आठवत नाही. मला हात आठवतात.

जन्मले तिथले हात मोज्यांत होते, त्यांची ओळख राहिली नाही. माझ्या ओळखीचे पहिले हात नरहरीरावांचे. ते लातूरकडचे, एका कारखान्याच्या गोदामात नोकरीला. मुलगा अमोघ इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याच्यासाठी दुकानातला तयार कॉम्प्युटर न आणता एकेक भाग निवडून घरी जोडायचा, ही नरहरीरावांची हौस. बसमध्ये त्यांनी मला पिशवीतसुद्धा ठेवलं नाही. चांदणी चौकाचा चढ संपेपर्यंत मांडीवर धरून आणलं. ते साल दोन हजार तीन.

दुसऱ्याच आठवड्यात खंडेनवमी आली. नरहरीरावांनी पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर आणि आम्हा सगळ्यांना सामावून घेणारी ती पांढरी पेटी पाटावर मांडली, वरून झेंडूचं फूल वाहिलं आणि ते नारळ आणायला बाहेर गेले. पेटीचं झाकण अजून स्क्रूनं आवळलेलं नव्हतं. सुनीतीबाईंनी ते हळूच सरकवलं. पत्र्याला कुंकू लावून काय उपयोग, जीव तर आत आहे, असं त्यांना वाटलं असणार. ओलं कुंकू लावलेलं बोट माझ्या माथ्यावरून फिरलं. वर चार अक्षता. त्या गुणगुणत होत्या, अगदी माझ्यापुरतं:

तारांचं गं मखर, धन्यानं माझ्या जोडीलं
हिरव्या पट्टीवरी बोट कुंकवाचं ओढीलं

मित्रांनो, इतक्या मायेनं मला दुसऱ्या कुणी हात लावला नाही. आणि त्याच मायेचा एक थेंब माझ्या अंगावरून ओघळत खाली माझ्या दातांपर्यंत, मी बसले होते त्या खाचेत उतरला.

आठ दिवसांनी दुखणं सुरू झालं. कधी सुरू होतानाच पेटी लांब लांब शिट्ट्या मारी आणि पडदा काळाच राही. कधी चालता चालता सगळं गोठून जाई, तर कधी पडदा निळा होऊन वर पांढरी अक्षरं उमटत. नरहरीरावांनी स्टॅबिलायझर बदलला. भिंतीतलं अर्थिंग तपासून घेतलं. विंडोज पुन्हा टाकलं. शेवटी पेटी रिक्षात घालून दुकानात नेली. रस्त्याच्या हादऱ्यांनी माझे दात जरा सरकले होते, त्यामुळे तिथे मी दुपारभर शहाण्यासारखी वागले. दुकानदार म्हणाला, “काका, चालतंय की झक्कास. उगाच भाडं वाया घालवलंत.” घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा शिट्ट्या.

अमोघनं मित्राकडून मेमरी तपासायचा प्रोग्रॅम आणला. पडद्यावर लाल ओळी भराभर उतरू लागल्या.

“बाबा, मेमरीचाच घोळ आहे. पट्टी काढून बघू.”

“ती नको.”

“अहो, नको काय? लाल ओळी दिसतायत ना तुम्हाला?”

“सगळं काढू, ती नको. ती मी बसवली आहे. दोन्हीकडून टक् झालेलं आहे, विचार तुझ्या आईला.”

त्यांनी आयुष्यात एवढ्या खात्रीनं केलेली दुसरी गोष्ट नसावी. ती खात्री त्यांना सोडवेना.

खालच्या मोकळ्या प्लॉटवर शेळ्या चारायला कासार आंबोलीच्या राजाबाई येत. पाणी मागायला वर आल्या की दारातूनच पेटीकडे बघत.

“वैनी, तुमचं पेटारं पुन्ना आजारी व्हय?”

“हो ना. काय झालंय कळत नाही.”

“दिष्ट लागली आसंल. लई गोरंगोमटं हाय. आन् धनी तुमचं येनाऱ्या-जानाऱ्याला उघडून दावत्यात. माज्या शेळीला न्हाई मी कुनाला दावत.”

सुनीतीबाई हसल्या. पण राजाबाई गेल्यावर झाकण सरकलं आणि ते ओलं बोट पुन्हा माझ्या माथ्यावरून फिरलं. नंतर दर दुखण्याला फिरत राहिलं. त्या वरचं कुंकू पदरानं पुसून घेत, कुणाला दिसू नये म्हणून. आत उतरलेलं कसं पुसणार? त्या मला बरं करत होत्या आणि मी अधिक आजारी पडत होते. एक अक्षर मला बोलता आलं असतं तर!

एप्रिलमधल्या एका सकाळी अमोघचं वर्षभराचं प्रोजेक्ट माझ्या अंगावर उघडलेलं होतं. दुसऱ्या दिवशी ते कॉलेजात द्यायचं होतं. पडदा निळा झाला. पुन्हा सुरू केलं तर फाईल उघडेना. फ्लॉपीवरची प्रतही माझ्याच वाटेनं गेलेली. तीही मोडकी निघाली. अमोघ नापास झाला नाही, पण त्याचं सत्र अडकलं आणि कॉलेजात येऊन त्याची निवड केलेल्या कंपनीनं ती नोकरी दुसऱ्याला दिली.

ते कळलं त्या दिवशी तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. खाली बघत एवढंच म्हणाला, “गोदामात पोती मोजायचे हात आहेत तुमचे, बाबा. कुणी सांगितली होती ही हौस?”

आणि तो चप्पल घालून निघून गेला.

त्या दुपारी नरहरीरावांनी माझ्या दोन्ही बाजूंच्या खिट्या उघडल्या आणि मला बाहेर काढलं. माझे दात लाल झाले होते. खाचेत तांदळाचा अर्धा दाणा फुगून बसला होता. ते बघतच राहिले. स्वयंपाकघराच्या दारात सुनीतीबाई ओले हात तसेच धरून उभ्या होत्या. त्यांनाही ते लाल दिसलं. नरहरीरावांनी मान वळवली नाही, पण त्या उभ्या आहेत हे त्यांना कळलं असावं, कारण त्यांचे खांदे जरा आवळले गेले. मग त्यांनी अमोघच्या कंपासपेटीतलं खोडरबर घेतलं आणि माझा एकेक दात घासला. जुन्या ब्रशानं खाच झाडली. तो दाणा टाचणीनं काढून रुमालात घेतला, रुमालाची घडी केली आणि खिशात ठेवली.

टक्. टक्.

या वेळी कुणी हसलं नाही.

संध्याकाळी अमोघ आला. नरहरीराव म्हणाले, “चालू झाला रे. माझंच चुकलं होतं. पट्टी नीट बसली नव्हती.”

“तेच सांगत होतो मी,” अमोघ म्हणाला.

सुनीतीबाई पोळ्या लाटत होत्या. लाटण्याचा आवाज क्षणभर थांबला, मग पुन्हा सुरू झाला. पुढं खरं सांगणं त्यांना रोज थोडं थोडं अवघड होत गेलं असेल.

मी बरी झाले, पण घर बरं झालं नाही. अमोघ पुढच्या वेळी पास झाला, वर्षानं हिंजवडीत लागला, तिकडेच राहू लागला. इकडे पंखा अडला, नळ गळू लागला, की तो फोनवर सांगे, “बाबा, तुम्ही हात नका लावू. माणूस पाठवतो.” आणि नरहरीराव खरंच हात लावीनासे झाले. साधा दिवा बदलायलासुद्धा ते शेजाऱ्याला हाक मारत. पक्कड गंजली. सुनीतीबाईंचं गुणगुणणं मी नंतर ऐकलं नाही. त्यांनी माझ्या पेटीला शिवून घातलेल्या फुलाफुलांच्या खोळीत मी वर्षानुवर्षं अंधारात राहिले.

मित्रांनो, माझे दात मळले तर खोडरबरानं साफ होतात. तेवढं तुम्ही करा, आणि वेळेवर करा. माणसाच्या मनात उतरलेलं कुणी असं घासून काढलेलं मी पाहिलं नाही. तिथं बोलावंच लागतं.

दोन हजार दहाची खंडेनवमी. अमोघ सुट्टीला घरी आला होता. खाली भंगारवाल्याचा टेंपो उभा होता. सुनीतीबाई पूजेचं तबक घेऊन आल्या. अमोघनं खोळ ओढून काढली.

“आई, याची पूजा नको आता. टाकायचाच आहे.”

नरहरीराव खुर्चीतून उठले. मागची वायर सोडवायला त्यांनी हात पुढं केला. ते अंगठे मी लगेच ओळखले.

“बाबा, तुम्ही हात नका लावू.”

हात मागं गेला. नेहमीसारखाच.

तबक टेबलावर आपटल्याचा आवाज आला. निरांजन कलंडलं.

“त्यांनाच लावू दे हात,” सुनीतीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मला ओळखू येईना.

“अगं, राहू दे,” नरहरीराव घाईनं म्हणाले. “सुनीती, राहू दे गं.”

“नाही राहू द्यायचं. किती वर्षं राहू दिलं. अमू, पट्टी त्यांनी नीट बसवली होती. बॅटरी मी धरली होती, दोन्हीकडून टक् झालेलं मी ऐकलं होतं. तिच्यात कुंकू मी घातलं, पुन्हा पुन्हा घातलं. त्यांनी ते पुसलं आणि तुझं सगळं बोलणं स्वतःवर घेतलं. तो लाल रुमाल मीच धुतला, रे.”