उकळलेली बाटली

प्रोफेसर ल्युदमिल काराजोव यांना मूलबाळ नव्हतं, बुरशी होती. बल्गेरियातल्या कझानलक गावाबाहेर गुलाबतेलाच्या भट्टीमागे उकडलेल्या पाकळ्यांचा ढीग कुजत पडतो, आतून वाफाळतो. त्यात ती सापडली. इतर बुरश्या जिथे होरपळून मरतात तिथे ही फोफावते, आणि तिच्यातून झिरपणारं विकर, म्हणजे एन्झाइम, त्या उष्णतेतही डीएनएचे तुकडे करतं. हे सगळं खरं होतं. फक्त सांगताना काराजोव असे फुगायचे, जणू ढिगात कुजायला ते स्वतः बसले होते.

त्या वसंतात माझ्या शेजारच्या टेबलावर रादोस्तिनाचं काम बुडायला लागलं. ओस पडलेल्या खेड्यांतल्या अंगणांतून तिने जुन्या गुलाबांची पानं गोळा केली होती. त्यांचा डीएनए ती काढायची, पाण्यात ठेवायची, आणि तो नाहीसा व्हायचा.

काराजोव दारातूनच म्हणाले, "बाई, हात थरथरतात का? घरी जाऊन बनित्सा लाटा. बिघडली तरी नवरा खाईल."

रादोस्तिनाला नवरा नव्हता. इतकी वर्षं एका मजल्यावर काढून त्या माणसाला एवढंही माहीत नव्हतं.

मी विचारलं, "प्रोफेसर, रादोस्तिना पाणी घेते ती ही मोठी बाटली कुणाची?"

"सगळ्यांची. मी तिच्यात माझं विकर गाळलं होतं. पण चांगली उकळून ठेवलीय! उकळल्यावर काय उरतंय?"

"हे तुम्ही विचारताय?"

"म्हणजे?"

"तुमच्याच निबंधात आहे. तापलं की ते उलगडतं, निवलं की पुन्हा घडी घालून कामाला लागतं. वाचलात का कधी?"

"अहो, लिहिलाय मी!"

"म्हणूनच विचारतेय."

त्या बाटलीतलं पाणी मी दोन नळ्यांत घेतलं आणि दोन्हींत सारखाच डीएनए टाकला. या विकराला जस्ताशिवाय काम जमत नाही, म्हणून एका नळीत जस्त धरून ठेवणारं रसायन घातलं. दुपारी जेलवर त्या नळीतल्या शाबूत डीएनएची रेघ लख्ख दिसली. दुसरीच्या जागी नुसता धुरकट डाग.

काराजोव वाकून बघत राहिले. मला वाटलं, आता माफी मागतील.

"काय चिवट आहे हो माझी पोरगी!" ते म्हणाले.

"आणि हिचे गुलाब?" माझा आवाज चढला.

"आणेल की पुन्हा. झुडपं काय पळून जातात?"

"एक गेलं," रादोस्तिना म्हणाली. "ते अंगण विकलं. तिथे आता गाड्या लावतात."

"मग ती जात काही खास नसणार."

शरदात प्लोवदिवच्या परिषदेत त्यांनी हे सगळं मुद्दाम आखलेला प्रयोग म्हणून सांगितलं. टाळ्या पडल्या. मी उभी राहिले. "डीएनए कुणाचा वापरलात?"

"आमच्या एका सहकारी बाईंनी उदारपणे दिला."

त्यांनी हात केला तशा माना रादोस्तिनाकडे वळल्या, लोक कौतुकाने हसले. तिने कोट चढवला आणि ती निघून गेली. तिच्या मागोमाग मीही.

पुढच्या आठवड्यात काराजोवांनी तिला फीत बांधलेली राकियाची, आलुबुखाराच्या कडक दारूची, बाटली पाठवली. तिने ती उघडली, टेबलावर ओतली आणि फडक्याने कोपरान् कोपरा पुसून काढला.

व्हरांड्यात त्यांनी विचारलं, "काय, कशी होती?"

"टेबल स्वच्छ निघालं."

"लोकांना चांगल्या वस्तूची किंमतच नसते," ते मला म्हणाले, आणि खरोखर दुखावल्यासारखे निघून गेले.

आता रादोस्तिनाच्या बाटल्या कुलपात असतात. शनिवारी आम्ही दोघी खेड्यांत पानं आणायला जातो. गाडी मी चालवते.