उलट बोलणारा स्पीकर

ती संगीतशिक्षिकेच्या घरी पडद्यांचं माप घ्यायला गेली आणि माप विसरून स्पीकरकडेच बघत राहिली. कमरेएवढे उंच, तपकिरी लाकडाचे, पुढे करडं कापड. शिक्षिका हसल्या. "हे दोघं माझ्या नवऱ्याचे लाडके. हे घर भाड्याने देऊन मी लेकीकडे राहायला चाललेय, तिथे यांना जागा नाही. नेतेस?"

ती पडदे शिवायची. दिवसभर मशीनची घरघर कानात, त्यामुळे संध्याकाळी तिला गाणं लागायचंच, तेही आजवर मोबाइलच्या किरट्या आवाजात.

रविवारी दुपारी तिने आणि नवऱ्याने एकेक करून दोन्ही स्पीकर तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरी चढवले.

"अगं, स्पीकर आणलेस की कपाटं?" नवरा धापा टाकत म्हणाला. "माझे शर्ट मावतील यात."

"शर्ट मावतील, तुमचं पोट नाही मावायचं."

खुर्चीत बसलेले सासरे दोघांचे हलणारे ओठ बघत होते. इलेक्ट्रिक मोटारी दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. आता ऐकू जवळजवळ येतच नव्हतं. कानातलं यंत्र त्यांनी खणात टाकून दिलं होतं. "त्यात भांड्यांची आदळआपट तेवढी ऐकू येते," म्हणायचे.

घरातल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला तिने तारा जोडल्या, लाल लालला, काळी काळीला. आवडतं गाणं लावलं. आणि तिचा चेहराच उतरला. आवाज मोठा होता, पण पोकळ. खर्ज तर गायबच.

"छान आहे की," नवरा म्हणाला.

"कसलं छान? गाणारी बाई कुठे उभी आहे तेच कळत नाहीये. खोलीभर नुसती सांडलीय."

सासऱ्यांनी तिचा पडलेला चेहरा हेरला. "काय बिघडलं, सूनबाई?"

ती त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "बाबा, दोन्ही वाजतायत, पण एकमेकांशी पटत नाहीये त्यांचं!"

म्हातारा ताडकन उठला. आधी एका, मग दुसऱ्या खोक्यावर तळहात ठेवून थरथर अजमावत उभा राहिला. मग म्हणाला, "गाणं बंद कर. तारा काढ. पुढचं कापडही काढ, आणि टॉर्चमधला एक सेल दे."

त्यांनी सेलला दोन तारा धरून पहिल्या स्पीकरच्या खुंट्यांना टेकवल्या. टक्! आतला कागदी पडदा बाहेर आला. दुसऱ्याला तशाच टेकवल्या. टक्! पडदा आत गेला.

"बघ. हा ढकलतो तेव्हा तो ओढतो. एकाचं काम दुसरा पुसतोय. कुणीतरी कधीतरी उघडून दुरुस्त केलाय आणि आत तारा उलट्या जोडल्यात. मोटारीत असं झालं की ती उलटी फिरायची, आणि मालक माझ्या नावाने शंख करायचा." हे सांगताना ते, ऐकू येणं गेल्यापासूनच्या चार वर्षांत हसले नव्हते तसे हसले.

आत हात घालायची गरजच नव्हती. तिने तारा परत जोडल्या, फक्त त्या दुसऱ्या स्पीकरच्या बाहेरच्या तारांची अदलाबदल केली आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

गाणारी बाई आली. थेट दोन्ही स्पीकरच्या मधोमध, भिंतीपासून हातभर पुढे. तिने सूर लावण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. खालून खर्ज असा भरून आला की खिडकीची काच थरारली. नवरा, जो मघाशी "छान आहे की" म्हणाला होता, तो आ वासून जमिनीवर बसला. "अहो, हे आधी कुठे होतं?" तिने नवऱ्याला विचारलं.

सासऱ्यांनी खुर्ची ओढून एका स्पीकरला चिकटवली, पाठ खोक्याला टेकली आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांची बोटं मांडीवर ठेका धरू लागली. एकही ठोका चुकला नाही.

गाणं संपलं तसं त्यांनी डोळे उघडले. "थांबलं का?"

"हो, बाबा."

"मग बघतेस काय? दुसरं लाव. जरा दणदणीत लाव."

तिने पुढचं गाणं शोधायला घेतलं. नवरा चहा टाकायला उठला.