भुरीच्या पोटावरचं भगवं फडकं

गुरुवारी सकाळी दहालाच हितेंद्र मास्तरच्या ओट्यापुढे चपलांचा खच पडला होता. दोंडाईच्याहून बायांनी भरलेल्या दोन रिक्षा आल्या होत्या, गावातली निम्मी माणसं कामधाम टाकून आली होती, आणि हे सगळं एका मांजरीसाठी. ओट्यावर पाट, पाटावर लाल आसन, आसनावर भुरी आणि भुरीच्या पोटाला भगवं फडकं. पुढ्यात नारळ, उदबत्त्या आणि कुणीतरी भक्तिभावानं ठेवलेली चार केळी. मांजरीला केळ्यांचा नैवेद्य दाखवणाऱ्याच्या डोक्याला काय म्हणावं? उदबत्तीच्या धुरानं भुरीला शिंका येत होत्या आणि दर शिंकेला बाया हात जोडत होत्या.

"मरेल मांजर जित्ती करी बाबानी," एक म्हणाली.

"चाकू नही, सुई नही. नुसता अंगारा," दुसरी म्हणाली.

ओट्याच्या खांबाला टेकून हितेंद्र मास्तर मान खाली घालून उभा होता. हा गावच्या शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस. त्या फडक्याखाली नऊ टाके आहेत, हे सगळ्या गर्दीत दोघांनाच ठाऊक होतं. एक मास्तर. दुसरे बाबा.

प्रकरण सुरू झालं मास्तरच्या आईच्या गुडघ्यांवरून. सुनंदाबाईंचे गुडघे दुखायचे आणि गावाबाहेर पत्र्याच्या मठीत गाठवाले बाबा बसायचे. काळ्या-लाल दोऱ्याला सात गाठी मारायच्या, मधल्या गाठीत तांब्याचा मणी अडकवायचा, दोरा तुपात बुडवायचा आणि द्यायचा, एवढीच त्यांची विद्या. दुखणं कोणतंही असो, दोरा तोच. गुडघा असो, दहावीची परीक्षा असो की सासू-सुनेचं न पटणं, सगळ्याला सात गाठी. बांधण्याआधी दोरा एक रात्र देव्हाऱ्यात ठेवायचा, असा नियम. सुनंदाबाईंनी ठेवला. सकाळी आंघोळ करून पाहतात तर दोरा गायब.

त्या घाबरून मठीवर गेल्या. बाबांनी डोळे मिटले. "दोरा गेला नाही माय, कामाला लागला. तुझं दुखणं उचलून तो दुसऱ्या जिवावर उतरला. आता घरात कोण पडतं ते बघ."

तिसऱ्या दिवशी भुरी पडली. सारख्या उलट्या, अन्नाला तोंड लावेना, पोटाला हात लावला की कळवळायची. सुनंदाबाईंना वाटलं, आपलं दुखणं या मुक्या जिवाच्या माथी आलं. त्यांनी बाबांकडून अंगारा आणून भुरीच्या कपाळाला फासला आणि स्वतः उपास धरला.

मास्तरला हे बघवेना. "धुळ्याला मोनालीकडे नेतो. जागा बदलली म्हणजे बरं वाटेल तिला," असं सांगून त्यानं भुरीला पिशवीत घातलं आणि बस धरली. मोनाली त्याची बहीण. पण बसस्टँडवरून तो आधी गेला तो प्राण्यांच्या डॉक्टर कामिनी मॅडमकडे. मॅडमनी एक्स-रे काढला. आतड्यात एक पांढरा ठिपका दिसत होता.

"हा धातू आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि आतडं असं चुण्या पडून गोळा झालंय, म्हणजे बरोबर दोरा असणार. आज पोट उघडलं नाही तर ही जगत नाही."

दोन तासांनी मॅडम बाहेर आल्या त्या हातात काचेची छोटी बाटली घेऊन. बाटलीत दोरा होता. काळा-लाल, सात गाठींचा, मधोमध तांब्याचा मणी. तुपाच्या वासानं भुरीनं तो देव्हाऱ्यातून पळवून गिळला होता. ज्या दोऱ्यानं मांजर मरणाच्या दारात नेली, त्याच दोरेवाल्याच्या नावानं आज नारळ फुटत होते.

मग मास्तर बोलला का नाही? लाजला, दुसरं काय. मांजरीचं ऑपरेशन करून आणलं म्हणून कुणाला सांगणार? मागे एकानं कुत्र्याच्या पायाला प्लास्टर घालून आणलं, तर गाव त्याला अजून कुत्र्याचा जावई म्हणतं. मास्तरनं चार दिवस भुरीला बहिणीकडे ठेवलं, टाके चाटू नयेत म्हणून मॅडमनी सांगितल्याप्रमाणे पोटाला फडकं गुंडाळलं आणि गेल्या गुरुवारी घरी आणलं. भुरी चालत दुधाच्या वाटीकडे गेली. सुनंदाबाई रडल्या, हसल्या, त्यांनी उपास सोडला आणि मास्तरनं तोंड उघडायच्या आत त्या सगळ्या गल्लीत सांगूनही आल्या. मास्तर मनात म्हणाला, राहू दे, कुणाचं काय बिघडतंय? तो गोठ्यात नेऊन गुपचूप भुरीला औषधाच्या गोळ्या द्यायचा आणि ओट्यावर आई अंगारा लावायची. बरी व्हायची भुरी गोळ्यांनी, नाव व्हायचं अंगाऱ्याचं.

त्याच संध्याकाळी बाबा स्वतः घरी आले. त्यांनी भुरीच्या पोटावरून फडक्यावरूनच हात फिरवला आणि त्यांचं बोट एका जागी थांबलं. त्यांनी मास्तरकडे पाहिलं. मास्तरनं नजर चुकवली. बाबांनी झोळीतून भगवं फडकं काढलं, आधीच्या फडक्यावर घट्ट बांधलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "आत शक्ती काम करते आहे. अकरा दिवस हे कुणी सोडायचं नाही. जो सोडेल त्याच्या घरात दुखणं शिरेल." मग निघताना मास्तरच्या कानाशी हळूच, "माय खूश आहे ना मास्तर? मग झालं."

त्या घटकेपासून मास्तर बाबांचा भागीदार झाला. त्याला ते कळत होतं आणि तरी तो आठ दिवस गप्प राहिला.

काल, बुधवारी, त्याची झोप उडवणारी गोष्ट घडली. दिपमाला शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. सहा महिने तिच्या उजव्या कुशीत कळा यायच्या. धुळ्याच्या डॉक्टरांनी पित्ताशयात खडे आहेत, आता लांबवू नका म्हणून बजावलं होतं. ऑपरेशनची तारीख शुक्रवारची. खिचडी ढवळता ढवळता ती म्हणाली, "सर, मी काय शुक्रवारले धुळाले जास नही."

"का गं?"

"तुमनी मांजर बिनचाकूनी बरी व्हयनी ना. बाबा म्हने, पोटना दुखनाले दोरा पोटमाच घेवाना. उद्या देतीन. तूप लाईसन गिळी लेवाना, बस."

मास्तरनं चमकून विचारलं, "गिळायचा?"

"हा ना. आनि सर, मी बाबाफाबाले मानत नही. पन तुम्ही सायन्सना सर. तुमना घरमा व्हयनं, म्हनीसन मन्हा इस्वास बसना."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मास्तरच्या जिभेवर आलंही होतं. पण पोरं ताटं घेऊन रांगेत उभी राहिली आणि तो "पाहू" म्हणून वर्गात निघून गेला. एवढा नामर्दपणा आपण आयुष्यात केला नाही, असं त्याला खडू हातात घेताना वाटलं. घरी आल्यावर त्यानं मॅडमनी दिलेली बाटली कपाटातून काढून खिशात ठेवली.

आणि आज गुरुवार. बाबा पाटाशेजारी बसून दोरे वाटत होते. "गाठ माझी, दुखणं तुझं. गाठ सुटेल तसं दुखणं सुटेल." त्यांनी दिपमालाच्या ओंजळीत तुपानं थबथबलेला दोरा ठेवला. "घरी जाऊन डोळे मिटून गिळ. चाकूची गरज नाही."

"थांब दिपमाला," मास्तर म्हणाला. आवाज इतका चिरका निघाला की त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. तो पुढे झाला, भुरीला मांडीवर घेतलं आणि दोन्ही फडकी सोडली.

गर्दी मागे सरकली. भुरीचं पोट भादरलेलं होतं आणि मधोमध निळ्या टाक्यांची रांग होती.

बाबा डगमगले नाहीत. त्यांनी दोन्ही हात वर केले. "पाहिलं? ही दैवी शस्त्रक्रिया. मी मठीत ध्यानाला बसलो होतो आणि माझा सूक्ष्म देह धुळ्यात काम करत होता."

"तुमच्या सूक्ष्म देहानं पोट भादरायला वस्तरा आणला होता का?" मास्तरनं विचारलं. "आणि हा नायलॉनचा दोरा? तुमचा तर काळा-लाल असतो."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मास्तरनं खिशातून बाटली काढली. "दिपमाला, तुझ्या दोऱ्याच्या गाठी मोज. मोठ्यानं."

तिनं मोजल्या. सात. मधल्या गाठीत मणी.

"आता या बाटलीतल्या मोज. हा भुरीच्या आतड्यातून निघाला."

दिपमालानं मोजायच्या आधीच सुनंदाबाईंनी बाटली घेतली, उजेडात धरली, डोळ्यांजवळ नेली. मग म्हणाल्या, "हाऊ मन्हा दोरा शे. देव्हारामाथून गयथा तो."

मास्तरनं सगळं सांगितलं. एक्स-रे दाखवला, डॉक्टरांचा कागद दाखवला. बाबा कलियुगाबद्दल काहीतरी पुटपुटत, झोळी आवरत, दोंडाईच्याच्या रिक्षेत जाऊन बसले. रिक्षा निघण्याआधी दोन बायांनी आपापले दोरे त्यांच्या मांडीवर परत टाकले.

"बाबांना शिव्या घालून मोकळे होऊ नका," मास्तर म्हणाला. "मी गप्प बसलो नसतो तर त्यांचं हे दुकान माझ्या ओट्यावर लागलंच नसतं. माझ्या घरात घडलं म्हणून तुम्ही खरं मानलंत. यापुढे माझंही तसं मानू नका. कुणीही चमत्कार सांगितला तर विचारा, तुम्ही पाहिलं का? झाकलंय ते उघडून दाखवता का? आणि दुखणं असेल तर डॉक्टरकडे जा. विचारल्यानं देव कोपत नाही, पण न विचारल्यानं माणूस जातो."

गर्दी पांगली. दिपमाला तेवढी उभी राहिली. हातातला दोरा तिनं पदराला पुसून पाटावर ठेवला.

"सर, तुमनं बठ्ठं खरं," ती म्हणाली. "पन तुम्ही काल काबर नही सांगं? मी तुमले सांगेल व्हतं ना."

"माझं चुकलं," एवढंच तो म्हणाला. ती मान हलवून निघून गेली. माफ केलं की नाही, ते काही कळलं नाही.

शुक्रवारी ती धुळ्याला गेली. तिच्या नवऱ्याशेजारी बाकड्यावर मास्तर दिवसभर बसून होता. ऑपरेशन नीट झालं. आणखी उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकून नवऱ्यानं सुस्कारा सोडला आणि मास्तर पाणी पिऊन येतो म्हणून उठला, तो बाहेर जाऊन भिंतीशी उभा राहून रडला.

महिन्याभरानं दिपमाला शाळेत आली. विज्ञानाच्या वर्गात येऊन तिनं टेबलावर काचेची बाटली ठेवली. आत वाटाण्याएवढे काळपट खडे.

"डॉक्टरनी दिन्हात. तुमनी बाटलीजोडे ठेवा," ती म्हणाली. "पोऱ्हेसले दोन्ही दखाडा. आनि सर, तुम्ही गप बसनात, ते बी सांगा."

दोन्ही बाटल्या आता फळीवर शेजारी शेजारी आहेत. दर वर्षी सहावीचा नवा वर्ग आला की मास्तर त्या खाली काढतो, मुलांना गाठी मोजायला लावतो, खडे दाखवतो. पण सुरुवात करतो ती आपल्या आठ दिवसांपासून.