गुडघ्याची खाच

माझे निम्मे आयुष्य पाण्याखाली गेले आहे, मित्रांनो, आणि उरलेले निम्मे उन्हात. मी एक जुना लाकडी खांब आहे. बोलगा नावाच्या गावाच्या बाजाराकडून येणारी पायवाट आमच्या वस्तीत जिथे संपते, तिथे एक तळे आहे. त्या तळ्याच्या सर्वांत खोल जागी मी उभा आहे. काठावरून तुम्हाला माझे डोके आणि खांदे दिसतील. माझी गोष्ट मात्र माझ्या पायांची आहे.

मी मूळचा बिबळ्याच्या जातीचा वृक्ष. अतुबिगा नावाच्या तरुणाच्या बाजरीच्या शेतात वाढलो. एका वादळात मुळासकट आडवा झालो. फांद्या चुलीत गेल्या, पण खोड कठीण म्हणून अतुबिगाने ते राखून ठेवले. त्याचे वडील तळ्याचे राखणदार होते. दर वर्षी मासेमारी कधी सुरू करायची आणि कधी थांबवायची, यावरून वस्तीतल्या चार घराण्यांत भांडणे होत. वडील वारले आणि राखणदारी अतुबिगाकडे आली, तेव्हा त्याने मला तासून घेतले आणि तळे सर्वांत उथळ झालेले असताना त्याच्या मध्यावर खोल पुरले. मग तो माझ्याशेजारी ताठ उभा राहिला आणि सुताराने त्याच्याच अंगाच्या मापाने माझ्यावर तीन खाचा कोरल्या. एक त्याच्या गळ्याशी, एक कमरेशी आणि एक गुडघ्याशी.

नियम सोपा होता. पाणी गळ्याच्या खाचेला असेल तर मुलांनी आत उतरायचे नाही. ते कमरेच्या खाचेपर्यंत खाली आले की मासेमारी खुली. गुडघ्याची खाच उघडी पडली की सर्वांनी बाहेर. तिच्याखालचे पाणी आणि त्यातले मासे कोणाचेच नाहीत. ते पुढच्या वर्षाचे बी. अतुबिगाने भर बाजारात शब्द दिला होता, "मी जिवंत आहे तोवर या तळ्याचं बी मोडणार नाही." पुढे सगळी वस्ती त्याला आजोबा म्हणू लागली, आणि मीही.

पुष्कळ वर्षे मी सुखात काढली. मे महिन्यात काळे-पांढरे करकोचे येत आणि झोपड्यांच्या शाकारणीवर घरटी बांधत. ते आले की बाया बियाण्याची मडकी उतरवीत. ऑगस्टमध्ये पाणी माझ्या गळ्याशी येई आणि कमळांची पाने मला चोहोबाजूंनी टेकत. त्या पानांवरून कमळपक्षी लांबलांब बोटे पसरून चाले. पिल्ले सांभाळणारा तिथे बाप असतो. काही चाहूल लागली की तो पिल्लांना पंखांखाली उचलून घेई, आणि त्याच्या कुशीतून फक्त त्यांचे इवलेसे पाय लोंबताना दिसत. पावसाळा सरला की अडया बदके शीळ घालीत उतरत. मग उत्तरेचा कोरडा वारा सुटे, आभाळ धुळीने पांढरे होई, आणि सकाळी थंडीने आखडलेले चतुर माझ्या अंगावर ऊन खात बसत. माझे डोके मात्र कवड्या खंड्याचे. तिथे तो दुसऱ्या कोणाला बसू देत नसे.

संध्याकाळी गोरखचिंचेखाली बाया गवताच्या टोपल्या विणत बसत. हात विणीत, डोळे तळ्याकडे. त्यांच्यात लामिसी नावाची मासे भाजून विकणारी बाई होती. तिचे तोंड तिच्या चुलीसारखे, सहसा विझत नसे. आणि रोज सकाळी शाळेला जाण्याआधी विज्ञान शिकवणाऱ्या अकोलपोकाबाई येत. पाणी माझ्यावर कुठवर आहे आणि कोणता पक्षी दिसला, एवढे वहीत लिहीत आणि निघून जात. एकदा त्या मुलांना म्हणाल्या होत्या, "शाळेतल्या कुठल्याही उपकरणापेक्षा माझा या खांबावर जास्त विश्वास आहे." मला फार अभिमान वाटला होता. त्या अभिमानाची मला आज लाज वाटते.

पूर्वी तळ्याभोवती पुरुषभर उंचीच्या गवताचा पट्टा होता. पावसाचे पाणी त्यातून गाळून येई. कांद्याला बोलगात गिऱ्हाईक मिळू लागले, तसा तो पट्टा कमी होत गेला. आधी एका घराण्याने दोन वाफे काढले, मग दुसऱ्याने. लामिसीचे वाफे तर अगदी पाण्याला लागून होते. वाईट कोणाच्याच मनात नव्हते. पण प्रत्येक पावसात थोडी तांबडी माती आत येऊ लागली आणि दर वर्षी चार बोटे गाळ माझ्या पायाशी बसू लागला. आठव्या वर्षी गुडघ्याची खाच गाळात बुडाली. मला ते जाणवले. पण खांबाला तोंड नसते, मित्रांनो. त्याला खाचाच असतात.

त्या वर्षी मार्चमध्ये पाणी कमरेच्या खाचेला आले. रिवाजाप्रमाणे आजोबा आधी एकटे आत उतरले आणि माझ्याशेजारी उभे राहिले. काठावर बिनबुडाच्या टोपल्या घेऊन सगळी वस्ती जमली होती. पाणी माझ्या कमरेला होते आणि आजोबांच्या मात्र जेमतेम गुडघ्याला.

"अगं बाई!" लामिसी ओरडली. "आजोबा, म्हातारपणी उंच झालात की काय?"

"तुझ्या हातचे मासे खाऊन!" आजोबा म्हणाले. "अर्धे जळलेले असतात, म्हणून बरं. पूर्ण शिजवले असतेस तर गोरखचिंचेएवढा झालो असतो."

सगळे खदखदून हसले. अकोलपोकाबाईही हसल्या. तळ्याचा तळ आमच्याशी अगदी स्पष्ट बोलत होता, आणि सगळ्यांना तो विनोद वाटला.

मासेमारी सुरू झाली. दर तिसऱ्या दिवशी, बाजाराच्या आदल्या सकाळी, लोक उतरत. टोपली पाण्यात दाबायची, वरच्या तोंडातून हात घालून आतला मासा धरायचा. उन्हाने पाणी ओसरत होते, वाफ्यांसाठी बादल्या जात होत्या. प्रत्येक जण माझ्याकडे पाही आणि म्हणे, खाच कुठे दिसतेय अजून? पाणी घोट्याशी आले, मागूर मासे पाठी उघड्या टाकून तडफडू लागले, तेव्हा लामिसीच थबकली.

"बाई, आता थांबायचं का? माझं मन होत नाही."

अकोलपोकाबाईंनी माझ्याकडे नीट पाहिले. वही उघडून मागची पाने चाळली. "खाच अजून पाण्याखाली आहे," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं नियम चुकलेला नाही."

आजोबांनीही मान हलवली. चार दिवसांनी तळ्यात चिखल उरला, आणि त्यानंतर भेगा. खाच तेव्हाही दिसली नाही. तळ्यात एक म्हातारी मगर होती. वस्तीत तिला सगळे 'थोरली' म्हणत. ती कोणाला चावत नसे आणि तिला कोणी खडाही मारत नसे. एका सकाळी ती चिखलातून उठली, लामिसीच्या दारावरून सावकाश चालत गेली आणि नदीच्या दिशेने दिसेनाशी झाली. लोक उभे राहून पाहत होते. 

पाऊस चांगला झाला. पाणी पुन्हा गळ्याच्या खाचेशी आले, कमळे फुलली, अडया उतरल्या. वरून पाहणाऱ्याला वाटले असते की तळे जसेच्या तसे आहे. खंड्या माझ्या डोक्यावर येऊन बसला. त्याने पाण्यावर थरथरत सूर मारला, रिकाम्या चोचीने वर आला, पुन्हा मारला. दोन दिवस त्याने वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी तो आला नाही. डासांच्या अळ्या खायला मासे उरले नव्हते. त्या पावसात वस्तीतली बरीच मुले तापाने पडली. आजोबांनी काठावर येणे सोडले. कोणी बोलवायला गेले तर म्हणत, "काय तोंड घेऊन येऊ? माझ्या हातून बी मोडलं."

पुढचा उन्हाळा आला. पाणी कमरेच्या खाचेला आले, आणि एका सकाळी अकोलपोकाबाई आजोबांना हाताला धरून घेऊन आल्या. मागोमाग लामिसी होती.

"आजोबा, खांबाशेजारी उभे राहा. एकदाच."

"हसायचं राहिलंय का अजून?"

"हसायचं नाही. गेल्या वर्षी ही लामिसी म्हणाली ना, उंच झालात म्हणून? ते माझ्या डोक्यातून जात नाही. माणूस त्या वयात उंच होत नसतो. मी ते मुलांना शिकवते, आणि त्या दिवशी मीच विसरले."

आजोबा उतरले. पाणी त्यांच्या गुडघ्यालाही पुरते लागेना. अकोलपोकाबाईंनी वही लामिसीकडे दिली, बाही वर सारली आणि माझ्या पायाशी वाकल्या. त्यांचा हात पाण्यात मनगटापर्यंत गेला, मग कोपरापर्यंत, मग गाळात रुतत खांद्यापर्यंत. गाल पाण्याला टेकला. त्यांची बोटे माझ्या अंगावरून चाचपडत खाली येत होती. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कोणी तिथे हात लावला नव्हता.

"सापडली," त्या म्हणाल्या.

मग आजोबांनी वाकून आपला हात घातला. स्वतःच्या तरुणपणीच्या गुडघ्याची ती खाच. ते बराच वेळ तसेच वाकून राहिले. वर आले तेव्हा चेहरा भिजलेला होता, पण तो पाण्याने असेल.

"म्हणजे उंच आजोबा नाही झाले," लामिसी हळू आवाजात म्हणाली. "तळ वर आला." तिने मान वळवून आपल्या वाफ्यांकडे पाहिले. पात चांगली जोमात होती. ती काठावर गेली आणि उभे कांदे उपटू लागली.

"अगं, महिन्याभरात काढणीला येतील ते!" अकोलपोकाबाई म्हणाल्या.

"येतील. पण गवत लावायचं तर जागा नको?"

त्यानंतर दोन महिने सारी वस्ती डोक्यावर घमेली घेऊन गाळ उपसत होती. तो वरच्या शेतांत पसरला आणि काठावर पुन्हा गवत लागले. माझी तिसरी खाच उन्हात आली. ती अजून कोरीव होती.

बी उरले होते कुठे? त्यासाठी आजोबा मान म्हणून द्यायच्या कोलानट बिया घेऊन पलीकडच्या गावी गेले. ज्याने आपल्या तळ्याचे बी राखायचे, त्याने दुसऱ्या तळ्याच्या राखणदारापुढे बसून बी मागायचे, याहून खाली मान घालण्याजोगे त्या माणसाला काही नव्हते. परत आले ते दोन मोठे पोकळ भोपळे भरून, पाणी हिंदकळू नये म्हणून पावलागणिक थांबत. माझ्याशेजारी त्यांनी भोपळे कलते केले. नखाएवढे मासे माझ्या पायाभोवती क्षणभर घुटमळले आणि पांगले.

दोन वर्षे तळ्याला कोणी हात लावला नाही. दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी खंड्या आला. पूर्वीचाच होता की दुसरा, मी सांगू शकत नाही. त्याने सूर मारला, बोटभर मासा घेऊन वर आला आणि त्यांच्या जातीच्या सवयीप्रमाणे तो मासा माझ्या डोक्यावर आपट आपट आपटला. इतका सुखाचा मार मी कधी खाल्ला नव्हता. थकलेल्या आजोबांना उचलून काठावर आणले होते. त्यांनी तेवढे पाहिले. "रुजलं," म्हणाले. बाजरीची कणसे कापायला आली तेव्हा ते गेले.

त्यानंतरच्या मार्चमध्ये पाणी कमरेच्या खाचेला आले. नवा राखणदार, आजोबांचा पुतण्या, आत उतरायला निघाला आणि मध्येच थांबला.

"बाई, आधी तुम्ही."

अकोलपोकाबाई आल्या. माझ्या पायाशी वाकल्या. काठावर टोपल्या घेऊन उभी असलेली सारी वस्ती गप्प होती. लामिसीसुद्धा. "सापडली. गाळात नाही, पाण्यात आहे," हे शब्द ऐकल्यावरच लोक उतरले. तेव्हापासून आमच्याकडे हाच रिवाज आहे. थोरली मात्र अजून परतलेली नाही.

मी आता झिजलो आहे. काही वर्षांत माझ्या जागी सिमेंटचा खांब येईल, त्याच्यावर रंगाने आकडे घातलेले असतील. तो माझ्यापेक्षा देखणा असेल आणि त्याचे आकडे काठावरूनही वाचता येतील. म्हणूनच मला त्याची काळजी वाटते. मित्रांनो, तुमच्याही वस्तीत एखादे तळे असेल. तिथले पक्षी पाहा, कमळे पाहा, पाणी कुठवर आले तेही पाहा. पण वर्षातून एकदा बाही वर सारा, गार चिखलाची किळस करू नका, आणि खाली, जिथे काही दिसत नाही तिथे, हात घाला.